मधुवंतीनं दिलेली संथा

रत्नाकर पुराणिकचं नाव काढलं की माझं डोकं आजही फिरतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की शरदिनीनं एकाच बाजूचं सांगितलं. हो, एकाच बाजूचं सांगणार आहे. दुसरी बाजू त्यानं स्वतः भरपूर सांगितलीय, छापूनसुद्धा झालीय.

गोष्ट मधुवंतीची आहे. मधुवंती करंबेळकर, माझी मावसबहीण. लग्न केलं नाही, जन्म बँकेच्या काउंटरमागे काढला आणि गेल्या वर्षी रिटायर झाली. माझे यजमान गेल्यावर मी दुर्गाघाटाची जागा सोडून तिच्याकडे आले, तेव्हापासून आम्ही दोघी काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या घरात राहतो. याच घरात तिचे वडील, दत्तात्रेयशास्त्री, वेदपाठशाळा चालवायचे. मोहल्ल्यात तिला सगळे 'बँकवाली ताई' म्हणतात. ही बाई ब्राझीलच्या पद्धतीचं गाणं बांधते असं मी दूधवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं मलाच वेड्यात काढलं असतं.

पाठशाळा खालच्या चौकात भरायची. एका बाजूला लहान पोरं संथा घेत बसायची, म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि पोरांनी मागून दोनदा. दुसऱ्या बाजूला मोठी मुलं पुढचं काहीतरी घोकत असायची. मुलींना तिथे बसायची परवानगी नव्हती. मधुवंती जिन्यात बसून मटार सोलायची आणि दोन्ही बाजू ऐकायची, एकदम, आणि तरी वेगवेगळ्या. आम्हाला तो नुसता कलकलाट वाटायचा. ती मात्र सांगायची, आत्ता भिंतीकडचा पोरगा चुकला, आणि खरंच शास्त्रीबुवा त्याच पोराला थांबवायचे.

ती कॉलेजात असताना लुसिया नावाची ब्राझीलची मुलगी संस्कृत शिकायला काशीत आली आणि वरची खोली भाड्यानं घेऊन राहिली. कपडे कमी आणि कॅसेटी जास्त असा तिचा संसार. तिच्या आईच्या तरुणपणी, साठ सालाच्या आसपास, रिओमध्ये नव्या तऱ्हेचं गाणं निघालं होतं, बोसा नोव्हा. गिटार घेऊन हळू आवाजात गायचं, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं. कुणी ते एकटं गायचं, आणि चार-चार, पाच-पाच जणांचे गटही गायचे. या गटांची मजा अशी की सगळे एकच चाल म्हणत नाहीत. एकानं चाल धरायची, बाकीच्यांनी तिच्या वरखाली अगदी खेटून आपापला सूर धरून बसायचं. आमच्या गल्लीतल्या घरांसारखं, भिंत एकच पण दार ज्याचं त्याचं.

मधुवंतीला त्या गाण्यानं झपाटलं. वरचा आवाज तिला लगेच सापडला, खालचाही सापडला. चालीच्या लगेच खाली जो मधला आवाज असतो तो काही हाती येईना. तो असताना कळत नाही आणि काढला तर गाणं पोकळ वाटतं. लुसिया निघून गेली, कॅसेटी ठेवून गेली, आणि मधुवंती त्या मधल्या आवाजाच्या मागे लागली ती लागलीच. एकदा तो सापडल्यावर तिनं मावशीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या घेतल्या आणि त्या चार आवाजांत बांधायला सुरुवात केली. कागदावर काही लिहिलं नाही. आमच्या घरी कुणी काही लिहून शिकलंच नाही. तोंडानं द्यायचं आणि कानानं घ्यायचं, शास्त्रीबुवांचं सगळं आयुष्य तसंच गेलं होतं.

दहाएक वर्षांपूर्वी तिनं गट केला, 'मंद्र'. चाल आणि गिटार रत्नाकरकडे. तो आमच्या समोरचाच, एका कॉलेजात लेक्चरर, लहानपणी शास्त्रीबुवांकडे काही वर्षं संथा घेतलेला. वरचा आवाज वेदांतचा आणि खालचा विश्वेशचा. ही दोघं पोरं पाठशाळेतून निघालेली, दिवसा यजमानांकडे पूजा सांगणारी. मधला आवाज मधुवंतीचा.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. पाठशाळेत आठव्या वर्षापासून एकच गोष्ट हाडात मुरवतात. सगळ्यांचा सूर एक व्हायला हवा. मोठ्या माणसाचा आवाज जिथे असेल तिथे आपला नेऊन मिळवायचा. वेगळा पडलास तर गुरुजींचा डोळा तुझ्यावर. अशा पोरांना शेजारच्याचा सूर ऐकत आपला वेगळा धरायला शिकवणं म्हणजे काय, हे मी या घरात बसून पाहिलंय. पोरं सारखी घसरायची. मधुवंतीनं सूर लावला की दोघं सुर्रकन येऊन तिलाच चिकटायची. तिनं त्यांना चौकाच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग पाठीला पाठ लावून. मग समोरासमोर, पण तिनं गुणगुणत, जवळजवळ मुक्यानं. महिनोन् महिने हे चाललं. रत्नाकर कॉलेज आटोपून उशिरा यायचा, तोवर पोरं तयार असायची, तेव्हा त्याला वाटायचं हे असंच असतं.

मग एक दिवस त्यानं तालमीचा व्हिडिओ नेटवर टाकला. लोकांना आवडला. मुलाखती आल्या आणि प्रत्येक मुलाखतीत साहेब सांगायला लागले, 'मी बरीच वर्षं या स्वरयोजनेवर काम करत होतो.' मधुवंती म्हणाली, बोलण्याच्या भरात म्हणाला असेल. ती अशीच आहे, किंवा तेव्हा होती. पुढे त्यानं सगळ्या ओव्या विलायती पद्धतीनं लिहून काढल्या, चारही आवाज, आणि पुस्तक छापलं. वर मोठ्या अक्षरांत, स्वरयोजना रत्नाकर पुराणिक. आत आभारात मधुवंतीचं नाव, तेसुद्धा गिटार दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

पुस्तक घेऊन ती त्याच्याकडे गेली. मी बरोबर होते, म्हणून हे ऐकीव नाही. तो सोफ्यावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. पण तुझं आहे म्हणतेस तर तुझ्याकडे कागद आहे का काही?"

मधुवंतीनं पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं.

"आणि आता मोठे कार्यक्रम येतायत," तो म्हणाला. "स्टेजवर जरा यंग लुक लागतो. मधला आवाज रुची करेल. रेल्वेतल्या सुनीतीबाईंची मुलगी, फार छान तयार आहे. तू काय, घरचीच आहेस."

घरचीच. मला वाटलं तो कप उचलून त्याच्या डोक्यात घालावा. विश्वेश आणि वेदांत तिथेच बसले होते. पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होते. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ज्या बाईनं त्यांना उभं राहायला शिकवलं तिच्यासाठी.

घरी आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. मधुवंती भात लावत होती. म्हणाली, "शरू, ओरडून काय होतं? कोर्टात जाऊ, तर तो कागद दाखवेल. मोहल्ल्यात सांगू, तर लोक म्हणतील म्हातारीचा जळफळाट होतोय. मला त्याला सगळ्यांसमोर पाडायचंय. असा पाडायचाय की तो पडला हे त्याला स्वतःला कळलं पाहिजे." हे ती कुकरचं झाकण लावता लावता बोलली. मी तिला इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटलं.

संधी त्यानंच आणून दिली. ब्राझीलहून संगीताच्या प्राध्यापकांची एक टीम काशीत येणार होती, आणि त्यांना गाणं आवडलं तर 'मंद्र'ला तिकडे बोलावणं होतं. रत्नाकरला वाटलं, अस्सल वातावरण द्यावं. शिंदे घाटाजवळच्या एका जुन्या घराचा चौक ठरवला. माईक नको, साठ सालची मंडळी जशी घरात बसून गायची तसं हळू गायचं. ही सगळी माहिती मी गोळा केली. रुचीच्या आईला भाजी आणताना गाठून विचारायची, "मग काय सुनीतीबाई, तयारी कुठवर आली?" आणि त्या भोळेपणानं सांगत सुटायच्या.

माईक नाही हे ऐकल्यावर मधुवंतीच्या हातातलं लाटणं थांबलं. "खात्रीनं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एकदम पक्कं. ती पोळी लाटायला लागली. त्या संध्याकाळी तिनं खिडक्या लावून रियाज केला, नुसता मधला आवाज. एकटाच ऐकला तर तो धड गाणंसुद्धा वाटत नाही. कुणीतरी बोलता बोलता विसरलंय असं वाटतं. मी विचारलं, "तुझी जागा आता रुचीची आहे, मग हे कशाला?" ती म्हणाली, "पोरं अजून घसरतात का ते बघायचंय."

आता आमंत्रण. आमच्या इथल्या मराठी समाजात घरोघरी जाऊन अक्षत द्यायची पद्धत आहे, आणि गुरूच्या मुलीला वगळलं असतं तर म्हाताऱ्या मंडळींनी त्याला फाडून खाल्लं असतं. म्हणून आला बापडा, अक्षत दिली, नमस्कार केला. "ताई, पहिल्या रांगेत बस हं," म्हणाला.

"बसते की," मधुवंती म्हणाली.

कार्यक्रम दुपार कलल्यावर होता. चौकात सतरंज्या, ज्येष्ठांना खुर्च्या, समोर पाच-सहा परदेशी पाहुणे आणि मागे आमचा सगळा समाज. मधुवंती जांभळी नारायणपेठ नेसली होती. रत्नाकर, वेदांत, रुची आणि विश्वेश आमच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते, मधे फक्त रत्नाकरचा नोटेशनचा स्टँड. पहिल्या दोन ओव्या झाल्या. छान झाल्या, कशाला खोटं बोलू. पाहुण्यांमधली एक पिकल्या केसांची बाई डोळे मिटून मान हलवत होती. रत्नाकर फुलला होता. त्यानं पुस्तक वर करून दाखवलं, इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि 'माय अरेंजमेंट' एवढं मला नीट कळलं.

तिसरी ओवी सुरू झाली तेव्हा मधुवंतीनं तोंड उघडलं.

मोठ्यानं नाही. तिनं तिचाच मधला आवाज धरला, रुची जो गात होती तोच, फक्त त्याच्या पाठीमागून. पहिल्या ओळीत कुणाला काही समजलं नाही. रुचीला तर आधारच मिळाला, ती आणखी मोकळी गायला लागली. दुसऱ्या ओळीला वेदांतच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. वरचा सूर धरून ठेवायला तो धडपडत होता, पण त्याचा गळा खाली यायला लागला, आपोआप, आणि येऊन मधुवंतीला मिळाला. मग विश्वेश. त्याचा खर्ज सुटला आणि वर सरकत सरकत तिथेच पोचला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, परत आपल्या जागी जायचा प्रयत्न केला, पण समोर ती बसलेली, आणि तिचा आवाज. पाय वळावेत तसे ते पुन्हा तिकडेच वळले.

रत्नाकर चाल म्हणत होता. कागद समोर, त्यावर बोट ठेवून गावं एवढं सगळं स्पष्ट लिहिलेलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, डोळे भरून बघत होते. त्याला कळलं. त्यानं मधुवंतीकडे पाहिलं आणि तिनं त्याच्याकडे, शास्त्रीबुवांसारखं, न रागावता. झालं. लहानपणी चौकात बसलेला धाक वर आला असेल. त्याची चाल डगमगली, तुटली, आणि तोसुद्धा मधल्या आवाजावर येऊन बसला. हातातली गिटार भलतंच काहीतरी वाजवत राहिली, मग तीही थांबली. चौघंही एका सुरात गात होते, तिच्या सुरात. ओवीची मूळ चाल कुठेच नव्हती. जो आवाज कधी कुणाला वेगळा ऐकूच आला नव्हता तेवढाच त्या चौकात उरला होता.

कडवं संपलं. पाठशाळेत म्हणणं बिघडलं तर पोरं आपल्या मनानं पुन्हा सुरू करत नाहीत, गुरूकडे जाऊन सुरुवात मागतात. विश्वेश आणि वेदांत पुढे आले, सगळ्या समाजासमोर मधुवंतीच्या पायाशी वाकले. "ताई, संथा द्या," विश्वेश म्हणाला. पिकल्या केसांची ती बाई थोडं हिंदी जाणत होती. तिनं विचारलं, या कोण? विश्वेश म्हणाला, "हमारी गुरु हैं. ये सारा काम इन्हीं का है." मग तिनं रत्नाकरकडे पाहिलं. तो स्टँडवरचे कागद गोळा करत होता आणि ते त्याच्या हातून खाली पडत होते.

मधुवंतीनं संथा दिली नाही. उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल शरू, दूध तापवायचंय." तिसरी ओवी त्या दिवशी पुरी झालीच नाही. बोलावणंही आलं नाही. घरी येऊन मी शिरा केला, भरपूर तूप घालून.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मधुवंतीचा राग शिऱ्यानं निवणारा नव्हता. विश्वेश आणि वेदांत रोज दाराशी यायला लागले, चुकलं म्हणायला लागले. ती आतूनच सांगायची, "त्याच्या सोफ्याजवळ बसून फरशी टोकरत होतात, तेव्हा तोंड कुठे होतं?" रुचीही आली. तिला बिचारीला कोणाचं काय हे माहीतच नव्हतं, आणि खरं म्हणजे त्या दिवशी न घसरलेली तीच एकटी. तिलाही दार बंद. 'मंद्र' मोडला. रत्नाकर कॉलेजात जायचा यायचा, गल्लीत खाली मान घालून. मला ते बघून समाधान व्हायचं, पण हळूहळू एक गोष्ट टोचायला लागली.

एकदा मी बोललेच. "अगं बाई, तू कुणाला शिकवणार नाहीस आणि लिहून ठेवणार नाहीस. उद्या तू गेलीस, मीही गेले, की मागे काय राहील? त्याचं पुस्तक. त्याच्या नावाचं. मग जिंकलं कोण?"

ती उठून तांदूळ निवडायला बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "पोरांना निरोप दे. रुचीलाही बोलाव. वरच्या खोलीत बसू, आणि खिडक्या उघड्या ठेव."

तिघं आली, ओळीनं बसली. मधुवंती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, अगदी शास्त्रीबुवांसारखी. म्हणाली, "विश्वेश, सूक्त म्हणायच्या आधी काय म्हणतात?"

"ऋषी, देवता, छंद," विश्वेश म्हणाला. ज्याला ते सूक्त दिसलं त्या ऋषीचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करायची नसते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"मग या ओव्यांचंही आधी म्हणायचं. प्रत्येक वेळी. तालमीला, कार्यक्रमाला, पुढे तुम्ही ज्यांना शिकवाल त्यांनीसुद्धा. हे न म्हणता जो गाईल त्याला माझी संथा नाही." तिनं पाठ ताठ केली आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "ऋषी मधुवंती दत्तात्रेय करंबेळकर. चोर रत्नाकर वासुदेव पुराणिक."

रुचीनं चमकून वर पाहिलं. "मावशी, पर... सर मेरे भी तो गुरु हैं..."

वासुदेवकाका, रत्नाकरचे वडील, फार सरळ माणूस. शास्त्रीबुवा आजारी असताना महिनाभर त्यांच्या उशाशी बसलेले. मी हळूच म्हटलं, "काकांचं नाव कशाला? ते तर देवाघरी गेले."

"नाव पूर्ण घ्यायचं असतं," मधुवंती म्हणाली. "म्हणा."

पोरांनी माना खाली घातल्या आणि म्हटलं. रुचीनंही म्हटलं, जरा मागून. आमची गल्ली हातभर रुंद, आणि समोरच्या खिडकीत रत्नाकरची आई, प्रेमलाकाकू, वाती वळत बसल्या होत्या. नवऱ्याचं नाव ऐकून आधी त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं वर पाहिलं. मग बाकीचं कानात शिरलं असावं. त्यांनी कापूस मांडीवरून खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीला धरत आत गेल्या. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खिडकी मात्र मी लावली नाही, आणि पोरांनी दुसऱ्यांदा म्हटलं.